सरहद्द न ओलांडलेले निर्वासित : मराठवाड्याचा विसरलेला इतिहास

दरवर्षी २० जूनला जगभर निर्वासित दिन पाळला जातो. त्या दिवशी आपल्या मोबाईलवर सीरिया, पॅलेस्टाईन, म्यानमारचे फोटो फिरतात. डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, मागे जळालेलं घर. ते पाहून मन हललंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण १९७८ च्या पावसाळ्यात नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतल्या गावोगावच्या बौद्ध वस्त्यांतून माणसं अशीच गाठोडी घेऊन रानात, सोयऱ्याधायऱ्यांकडे, तालुक्याच्या गावी पळाली होती. त्यांना आजवर कुणी निर्वासित म्हटलेलं नाही. फार तर 'दंगलग्रस्त' म्हटलं गेलं. दंगलग्रस्त म्हणजे ज्याच्यावर चार दिवसांचं संकट आलं असा माणूस. निर्वासित म्हणजे ज्याचा स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात राहण्याचा हक्कच हिरावला गेला असा माणूस. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आपला फार मोठा इतिहास गडप झाला आहे, असं माझं म्हणणं आहे.

निर्वासित कोण हे जगाने १९५१ च्या जिनिव्हा कराराने ठरवलं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी रास्त भीती असलेला आणि त्यामुळे स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे निर्वासित. भारताने या करारावर आजही सही केलेली नाही. व्याख्येतली बाकीची प्रत्येक अट जातीच्या हिंसेतून पळालेल्या माणसाला लागू पडते. अडतं ते फक्त 'देशाबाहेर' या एका शब्दापाशी. पुढे १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मांडली, कारण देशाची सीमा न ओलांडताही माणूस परागंदा होतो हे जगाला उशिरा का होईना कळलं. आपल्याला ते आधीपासून माहीत होतं. जातीची सरहद्द नकाशावर काढलेली नसते, ती गाव आणि वस्ती यांच्यामधून जाते.

बाबासाहेबांनी पाहिलेली छावणी

फाळणीचा इतिहास आपण हिंदू-मुस्लिम इतिहास म्हणून शिकतो. त्या लोंढ्यात अस्पृश्यही होते, हे शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. त्यांच्याबद्दल सर्वांत स्पष्ट कुणी लिहिलं असेल तर तत्कालीन कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी निवेदन काढून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचं आवाहन केलं. ज्यांचं बळजबरीने धर्मांतर झालं असेल त्यांना पुन्हा आपल्यात बरोबरीने घेतलं जाईल, हेही सांगितलं. १८ डिसेंबर १९४७ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना बाहेर पडू देत नाही, कारण घाण काढायला, सफाई करायला त्यांना माणसं हवी आहेत, ही त्यांची पहिली तक्रार होती. दुसरी तक्रार भारतातल्या यंत्रणेबद्दल होती. इकडे पोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांना मदत मिळत नव्हती. छावणीतल्यांनाच मदत असा नियम होता आणि छावणीत अस्पृश्यांना धड जागा मिळत नव्हती.

या पत्रात निर्वासितांवरच्या हिंसेचे दोन प्रकार दिसतात आणि ते दोन्ही तलवारीचे नाहीत. एकीकडे माणसाला त्याच्या जातीच्या कामासाठी अडकवून ठेवायचं, जाऊच द्यायचं नाही. दुसरीकडे तो जीव वाचवून आला तर मदतीच्या दारात पुन्हा त्याची जात विचारायची. पळून जाण्यातही जात आणि आसरा मिळण्यातही जात. सवर्ण निर्वासिताने घर गमावलं होतं. अस्पृश्य निर्वासिताने घर गमावलं, पण जात मात्र त्याच्यासोबत छावणीपर्यंत आली.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आजचा किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. तालुक्याच्या उत्तरेने पैनगंगा वाहते. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. अलीकडे निजामी राजवट. लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांनी १९४७-४८ मध्ये गावं लुटली, जाळली, माणसं मारली. तेव्हा सीमेवरची कुटुंबं नदी ओलांडून वऱ्हाडात, सोलापूर-नगरकडे निघून गेली. उमरखेडला स्टेट काँग्रेसची छावणी उभी राहिली. हा इतिहास आपल्याला दर १७ सप्टेंबरला सांगितला जातो आणि तो खरा आहे.

पण १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन सुरू झाली, पाच दिवसांत निजाम शरण आला आणि त्यानंतर पळणारे लोक बदलले. आता मुसलमान कुटुंबं पळत होती. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीला पाठवलं. त्यांच्या अहवालाने सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. हा अहवाल कित्येक दशकं कपाटात बंद राहिला. त्याच गावांत, जेमतेम दोन वर्षांच्या आत, आधी एका बाजूची आणि मग दुसऱ्या बाजूची माणसं परागंदा झाली. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात यातला अर्धाच भाग येतो. अर्धा इतिहास सांगून पूर्ण शांतता कशी नांदणार?

या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस होता, तो म्हणजे गावकुसाबाहेरचा अस्पृश्य. बी. श्यामसुंदर, बी. एस. व्यंकटराव यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी निजामाशी जुळवून घेण्याची वाट धरली होती. बाबासाहेबांनी तर २७ नोव्हेंबरच्या त्याच निवेदनात हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका असं बजावलं होतं. पुढाऱ्यांनी काय ठरवलं याची किंमत मात्र वेशीबाहेरच्या माणसाला द्यावी लागली. राज्य बदललं तरी त्याच्याकडे संशयाने पाहणारी नजर बदलली नाही. जो सत्तेत नसतो, त्याच्यावर प्रत्येक सत्तापालटाचा राग निघतो.

१९७८ : एका ठरावाची शिक्षा

आता १९७८ कडे येऊ. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विद्यापीठ औरंगाबादला. पण आग लागली ती नांदेड, परभणीच्या खेड्यांत, जिथल्या कित्येकांनी विद्यापीठाची इमारतही पाहिलेली नव्हती. घरं जळाली, धान्याच्या कणग्या जळाल्या, बायाबापड्यांवर अत्याचार झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं गेलं. जनार्दन मवाडे शहीद झाले. हजारो माणसं गाव सोडून गेली.

नाव हे निमित्त होतं, हे तेव्हाच्या अत्याचार विरोधी समितीच्या अहवालापासून अनेक अभ्यासकांनी दाखवलं आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं आणि खेड्यातली पोरं शिकायला लागली. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या माणसाने मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, येसकरकी सोडली. १९६४ च्या ६ डिसेंबरला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, लाखोंनी तुरुंग भरले आणि गायरान मागण्याची हिंमत वस्तीत आली. या सगळ्याचा राग साठत होता, ठरावाने त्याला तोंड मिळालं. म्हणून हल्ला फक्त माणसांवर झाला नाही. चूल, दाणागोटा, कपडेलत्ते, पोरांची पुस्तकं यांवर झाला. माणूस परत आला तरी त्याला उभं राहता येऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता.

आग विझल्यावर काय होतं

समाजशास्त्र शिकताना हिंसेचे प्रकार आपण तक्त्यात मांडतो. मारहाण आणि जाळपोळ ही प्रत्यक्ष हिंसा. तिची फिर्याद होते, बातमी होते. पण आग विझल्यानंतर जी हिंसा सुरू होते तिची नोंद कुठेच होत नाही.

पहिली म्हणजे बहिष्कार. परत आलेल्या कुटुंबाला शेतावर काम नाही, किराणा नाही, दळण नाही, पाण्याला अडकाठी. १९३० च्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीने लिहिलं होतं की दलितांना दाबण्यासाठी बहिष्काराइतकं परिणामकारक हत्यार दुसरं नाही आणि उघड हिंसासुद्धा त्यापुढे फिकी पडते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये १९४७ साली बाबासाहेबांनी बहिष्कार हा संविधानाने गुन्हा ठरवावा अशी मागणी केली ती याच अनुभवावरून.

दुसरी म्हणजे कागदाची हिंसा. घर जळालं की रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा सगळं जळतं. मग नुकसानभरपाई मागायला गेलेल्या माणसाकडे तेच कागद मागितले जातात. शहरात झोपडपट्टीत येऊन राहिलेला माणूस ना गावच्या यादीत राहतो ना शहराच्या. जगातल्या प्रत्येक निर्वासिताची हीच कहाणी आहे.

तिसरी म्हणजे समेटाची हिंसा. शांतता समिती बसते. दोन्ही बाजूंना समान दोषी धरून बोलणं सुरू होतं. शेवटी 'गावात नांदायचं असेल तर केस मागे घ्या' इथे येऊन ते थांबतं. ज्याचं घर जळालं त्यानेच मोठं मन दाखवायचं. १९९५ नंतरच्या युती सरकारने तर मराठवाड्यातल्या ॲट्रॉसिटीच्या केसेस मागे घेण्याचं काम सरकारी निर्णयानेच केलं. याला शांतता म्हणायचं असेल तर स्मशानात सर्वांत जास्त शांतता असते.

चौथी म्हणजे विस्मरणाची हिंसा. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, नांदेडला गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं होतं. नामविस्तार दिनाला आपण शहिदांना अभिवादन करतो, केलंच पाहिजे. पण गाव सोडलेली ती हजारो कुटुंबं कुठे गेली? किती परतली? त्यांच्या घराच्या जागेवर आज कोण राहतं? त्यांची यादी आपल्याकडे नाही.

तथागतांनी स्वीकारलेला देशत्याग

काही जण म्हणतात, तुम्ही बौद्ध ना, मग शांततेची भाषा करा, जुनं कशाला उकरता? त्यांना 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला गृहत्यागाचा प्रसंग वाचायला सांगा. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडलं ही रूढ कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांनी मांडलेली कथा रोहिणी नदीच्या पाण्याची आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव बहुमताने केला आणि सिद्धार्थाने विरोध केला. मग त्याच्यापुढे तीन पर्याय आले. युद्धात सामील व्हायचं, देहदंड किंवा देशत्याग पत्करायचा, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती ओढवून घ्यायची. सिद्धार्थाने देशत्याग निवडला.

नीट पाहा. पाण्याचा तंटा, बहुमताची जबरदस्ती, बहिष्कार, जमिनीची जप्ती, गाव सोडणं. आपल्या खेड्यातल्या अत्याचाराच्या फिर्यादीत जे येतं ते सगळं या प्रसंगात आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत तथागत हे शांततेची बाजू घेतल्यामुळे परागंदा झालेले गृहस्थ आहेत. आणि त्यांची शांतता गप्प बसण्याची नाही. त्यांनी संघासमोर उभं राहून युद्धाच्या कारणांची चौकशी करा, दोन्ही बाजूंची माणसं नेमून निवाडा करा, असा प्रस्ताव मांडला होता. म्हणजे आधी सत्य शोधायचं, मग न्याय करायचा आणि मग शांतता. समेटवाले हा क्रम उलटा करतात.

शांतता कशी उभी राहते

पहिली गोष्ट कायद्याची. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आपल्यातले बहुतेक जण शिवीगाळ आणि मारहाणीपुरता ओळखतात. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर, गाव किंवा राहतं ठिकाण सोडायला भाग पाडणं हा या कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे. १९९५ च्या नियमांत अशा माणसाला राहण्याचा हक्क परत मिळवून देणं, नुकसानभरपाई देणं आणि घर नष्ट झालं असेल तर सरकारी खर्चाने बांधून देणं लिहिलेलं आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही गुन्हा केला, साक्षीदारांना संरक्षण आणि पुनर्वसनाचा हक्क दिला. आता कलम १० पाहा. अनुसूचित क्षेत्रात कुणी अत्याचाराचा गुन्हा करण्याची शक्यता आहे असं विशेष न्यायालयाला पटलं, तर ते त्या माणसालाच त्या भागातून हद्दपार करू शकतं. किनवट तालुक्यातली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. म्हणजे गाव सोडायचंच असेल तर ते हल्ला करणाऱ्याने, मार खाणाऱ्याने नव्हे. हे कलम वापरायला लावणं आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. पळालेल्या माणसाने परत त्याच गावात जावं का? इथे आपल्यातही मतभेद आहेत. 'हक्काचं गाव का सोडायचं' हे खरं आहे. आणि १९४२ च्या नागपूर अधिवेशनात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, १९४७ ला बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोग आणि सरकारी पडीक जमीन मागितली, हेही खरं आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये जे तत्त्व सांगितलं त्यात या वादाचं उत्तर आहे : परत जायचं की दुसरीकडे वसायचं, हे विस्थापित माणूस स्वेच्छेने ठरवेल आणि दोन्ही बाबतींत सरकारची जबाबदारी कायम राहील. बाबासाहेबांची मागणी त्याच्या पन्नास वर्षं आधीची आहे. ती पळवाट नव्हती, भीतीवर जगणाऱ्याला निवड मिळवून देण्याची योजना होती.

तिसरी गोष्ट जमिनीची. याचा दाखला आपल्याच परिसरात आहे. जंगल राखीव करताना आदिलाबादच्या गोंडांना निजामी वनखात्याने पाड्यांवरून हुसकावलं. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले. बंदुकीने प्रश्न सुटला नाही. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या शिफारशींवरून आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले, तेव्हा कुठे पाड्यांना स्थैर्य आलं. पुढे राखण सुटली आणि त्यातल्या बऱ्याच जमिनी बिगर-आदिवासींकडे गेल्या, हाही धडा त्याच इतिहासात आहे. पट्ट्याशिवाय शांतता येत नाही, आणि संघटनेशिवाय पट्टा टिकत नाही.

चौथी गोष्ट मैत्रीची. सुंदरलाल अहवालात कत्तलींच्या वर्णनात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जीव धोक्यात घालून वाचवलं, काहींनी त्यासाठी प्राण दिले. एका मागावर बसणाऱ्यांना एकमेकांचं दुःख कळलं. १९७८ लाही काही सवर्ण घरांनी दलित कुटुंबांना लपवलं, जेवू घातलं. त्यांची नावंही आपण लिहिली पाहिजेत. मैत्री म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणं नव्हे. अन्यायाच्या रात्री ज्याचं दार उघडं होतं, ते दार लक्षात ठेवणं म्हणजे मैत्री. तसंच १९४८ च्या मुसलमान निर्वासितांबद्दल बोलणं हे आपलं काम आहे. दुसऱ्याच्या पळण्याला आपण नाव दिलं नाही, तर आपल्या पळण्याला कोण देईल?

आता करायचं काय

हा विषय जुना नाही. जून २०२३ मध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत एका तरुण कार्यकर्त्याचा खून झाला आणि गावात काढलेल्या भीमजयंतीचा राग हे त्यामागचं कारण म्हणून पुढे आलं. अशा प्रत्येक घटनेनंतर आपण मोर्चा काढतो, निवेदन देतो, स्टेटस ठेवतो. महिन्याभराने त्या वस्तीत कोण राहतं आणि कोण गाव सोडून गेलं, हे विचारायला कुणी जात नाही.

म्हणून माझी तीन कामांची मागणी आहे. १९७८ ला विशी-पंचविशीत असलेली माणसं आता सत्तरीला टेकली आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या तरुणांनी मोबाईलवर त्यांच्या साक्षी रेकॉर्ड कराव्यात : गाव कोणतं, कोण कोण निघालं, कुठे आसरा घेतला, परत आले का, जमिनीचं काय झालं. दुसरं, कुठेही अत्याचार झाला की पहिल्या आठवड्यात जळालेल्या कागदांची यादी करून तहसीलला नवे दाखले मागावेत आणि फिर्यादीत गाव सोडायला लावल्याचं कलम आलं आहे का ते तपासावं. तिसरं, घटनेनंतर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा त्या वस्तीत जावं. दळण मिळतं का, मजुरी मिळते का, लेकरं शाळेत जातात का, एवढं विचारावं. शांतता मोजण्याचं माप तेच आहे.

यासाठी निधी लागत नाही, वही, पेन आणि सायकल पुरते. १९७८ च्या त्या माणसांना आपण निदान त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारू या. ते दंगलग्रस्त नव्हते, स्वतःच्या देशात निर्वासित केलेले नागरिक होते. त्यांचा हिशेब अजून बाकी आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!